इस्लापूर, अकरा वाजता

आमच्या घरात कॅलेंडर होतं. खताच्या दुकानानं फुकट दिलेलं. आई-बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून भिंतीचा पोपडा झाकायला टांगलं होतं. बाप आमच्या लोहा गावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा, आई मिळेल त्या शेतात निंदायला जायची. थोरल्या बहिणीच्या किनवटच्या वसतिगृहाचा इंग्रजी कागद आला, तो कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवून ठेवला. कुणी इंग्रजी वाचणारं घरी येईल म्हणून. वाचणारा आला तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. बहिणीची शाळा तिथंच संपली.

मी पाठची. मी शिकले, बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी लोकांना न विचारता सांगते.

तर अशी मी नांदेडला, ठिबक सिंचनाच्या एका एजन्सीत लागले. तीन महिन्यांची ट्रायल. जमलं तर कायम, नाही तर घरी. मालकांनी पुण्यात कुणाचं तरी भाषण ऐकलं होतं, तेव्हापासून त्यांना ऑटोमेशन पाहिजे होतं. ऑटोमेशन म्हणजे एक काम झालं की दुसरं आपोआप सुरू व्हावं, एवढंच.

गरज खरी होती. मालक तीन दिवस नांदेडला आणि तीन दिवस लातूरच्या ब्रँचला. भेटींची डायरी मात्र नांदेडलाच, दिगंबरकाकांच्या बगलेत. काका म्हणजे तीस वर्षांचे जुने मुनीम. मालक लातूरला असले की नेमके नांदेडला पाहुणे येऊन बसायचे. मी डायरी बंद केली आणि ऑनलाइन कॅलेंडर आणलं. काका मोबाईलवर भेट टाकणार, मालकांना कुठंही दिसणार.

इथवर ठीक होतं. मग मला हुशारी सुचली. भेटीच्या तासभर आधी ट्रिगर वाजायचा. ट्रिगर म्हणजे शाळेची घंटा. ती वाजली की पोरं पळतात, तसं हे. घंटा झाली की सिस्टीम कॅलेंडरमधली नोंद उचलणार, वेब सर्चवर टाकणार, सापडलेल्या माहितीच्या पाच ओळी करणार आणि मालकांच्या मोबाईलवर पाठवणार. म्हणजे पाहुणा कोण, काय करतो, हे मालकांना आधीच ठाऊक. मी दहा नोंदी टाकून तपासलं. दहाच्या दहा बरोबर. मालक खूश. म्हणाले, "आता बघा, समोरचा म्हणंल, मालकाला आपलं सगळंच ठावं हाय."

ट्रायल संपायला पंधरा दिवस होते तेव्हाची गोष्ट. सकाळी संभाजीराव आले. इस्लापूरच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष. गटातले सगळेच शेतकरी एकदम ठिबक घेणार होते. मालक मोबाईल समोर धरूनच बसले. मी कौतुक बघायला दाराशी उभी.

मालक म्हणाले, "पर्यटक लई येतात म्हणं तुमच्याकडं."

"माझ्याकडं?"

"हाव. पावसाळ्यात तर गर्दीच. पण तेव्हा जवळ यायचं न्हाई म्हणं तुमच्या. धोका असतो."

संभाजीरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मालक, आमच्या घरी बारमाही चूल पेटती. आलेला माणूस जेवल्याबिगर जात न्हाई. कोण म्हणलं तुम्हाला?"

मी पुढं होऊन मालकांच्या मोबाईलमध्ये डोकावले. सिस्टीमनं इस्लापूर शोधलं होतं आणि जवळच्या सहस्रकुंड धबधब्याची माहिती आणली होती. मालकांनी ती विश्वासानं वाचली. मीच सांगितलं होतं ना, सिस्टीम चुकत नाही म्हणून. संभाजीराव अर्धा चहा ठेवून उठले. "इचार करून सांगतो," म्हणाले. आमच्याकडं याचा अर्थ नाही असाच असतो.

मालकांनी मला फक्त कॅलेंडर दाखवलं. तिथं एवढंच होतं: 'इस्लापूर, अकरा वाजता.'

मी काकांकडं गेले. ते सुपारी कातरत होते. काका मला नावानं हाक मारत नाहीत. पहिल्या दिवसापासून मी 'लोहा'.

"काका, माणसाचं नाव का नाही टाकलं?"

"तीस वर्सं डायरीत गावच लिहून राहिलो. इस्लापूर लिहिलं अन् दुसराच कुणी आला, असं झालंय का एकदा तरी?"

"पण मशीनला कसं कळावं?"

"मग मशीनला कशाला इचारलं, लोहा? मला इचारायचं."

आपल्याकडं हे असंच. पाहुणा गावानं ओळखायचा, सून माहेरच्या गावानं. मी मात्र चाचणी घेताना दहा सुबक नोंदी स्वतःच लिहिल्या होत्या, नाव-आडनावासकट. काकांची एकही घेतली नव्हती.

तरी माझा ताठा गेला नव्हता. मी नावाचा रकाना सक्तीचा केला. नाव भरल्याशिवाय भेट सेव्हच होणार नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या नोंदींत नाव भरलं: 'पाहुणे'. उदगीरचा डीलर यायच्या आधी मालकांना मोबाईलवर आलं, अचानक येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाच झटपट नाश्ते. मालकांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "यातला कोणता करायचा?"

मग मी हरले आणि काकांसमोर स्टूल घेऊन बसले. दोन दिवस काका बोलत होते, मी टाइप करत होते. गाव, माणूस, पीक, विहीर का बोअर, कुणाची सोयरीक कुठं, कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही. इंटरनेटवर यातलं काही नव्हतं. त्या यादीवर मी सिस्टीम पुन्हा बांधली. आता घंटा झाली की आधी काकांची यादी बघायची, तिथून नाव घ्यायचं, मग सर्च. आलेली माहिती आधी काकांच्या मोबाईलवर, खाली दोन बटणं: 'हाव' आणि 'न्हाई'. काकांनी हाव दाबल्याशिवाय मालकांना काही जाणार नाही. सगळ्यात वर काकांच्या हातची एक ओळ.

पहिल्या दिवशी काकांनी सगळ्यांनाच न्हाई दाबलं. का, विचारलं तर म्हणाले, "ऐकतंय का ते बघून राहिलो."

नंतर काकांनी स्वतः संभाजीरावांना फोन केला आणि पुन्हा बोलावलं. त्या दिवशी मालकांच्या मोबाईलवर काकांची ओळ होती: 'यांना मागं आपण धबधबा म्हणलो. आधी माफी, मग चहा.' मालकांनी मुकाट्यानं तसंच केलं. संभाजीराव पोट धरून हसले. "धबधब्याला दोन कप लागतील," म्हणाले. ठिबक आमच्याकडूनच घेतलं.

माझ्या ट्रायलचा शेवटचा दिवस आला. कॅलेंडरमध्ये काकांनी टाकलं होतं: 'लोहा, साडेअकरा.' मी केबिनमध्ये गेले. मालक मोबाईल बघत म्हणाले, "इंटरनेट म्हणतंय, या नावाचं कुणी सापडत न्हाई."

"बरोबर आहे, मालक. आमच्या घरातलं अजून कुणीच त्यात गेलेलं नाही."

मग त्यांनी वरची ओळ मोठ्यानं वाचली. "मोंढ्यातल्या हमालाची लेक. चुकली ते कबूल केलं. सोडली तर लातूरवाले उचलतील." मालकांनी मान वर केली. "लातूरवाले कोण?"

दाराबाहेरून काका म्हणाले, "आपलीच ब्रँच, मालक."

यातून मी शिकले ते एवढंच: जगाला विचारायच्या आधी दाराशी बसलेल्या माणसाला विचारावं. आणि चाचणी त्याच्या अक्षरात घ्यावी, आपल्या नाही.

मी कायम झाले. पुढच्या वर्षी बहिणीच्या मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जाची तारीख मी माझ्या कॅलेंडरमध्ये टाकली, तीन वेळा घंटा लावून. अर्ज पहिल्या घंटेलाच गेला. पोरगी आता किनवटला शिकते.