हर्षदाबाईंचं 'कशावरून'

जामसरच्या फागूची पोर, हर्षदा. आश्रमशाळेत शिकली तेव्हा पाढे कसे, तर देवाच्या गाण्यासारखे. मधलंच कोणी विचारलं तर पहिल्यापासून म्हणत यायचं. बाई झाली, सूर्यमाळकडं एका पाड्यावर शाळा मिळाली, तेव्हाच तिनं मनाशी धरलं, आपल्या पोरांचं असं होऊ द्यायचं नाय. पोरानं उत्तर दिलं का, बरोबर असो नायतर चूक, ती हसून विचारायची, "कशावरून?"

पोरं आधी भ्यायची. मंग तीच तिला विचारायला लागली. एकदा तिनं गणित घातलं, चार बायका एका शेतात भातरोपांची आवणी सहा दिवसांत करतात, तर आठ बायकांना किती दिवस? सगळी बोलली, तीन. काळ्याची पोर लाडकी, ती तेवढी उठली. "बाई, पण शेत केवढं? आमचं वरचं तर एवढंसं. आठ जणी उतरल्या तर एकमेकींच्या पायांवर रोपं लावतील."

वर्ग हसला. घरी जाताना जीपमध्ये हर्षदा एकटीच हसत होती.

शाळेत दुसरे पंकज गुरुजी. तिला सख्ख्या भावागत त्यांचा आधार, भाऊबीजेला त्यांनाही ओवाळायची. तालुक्यावरून साहेब वर्ग बघायला येणार कळलं, तेव्हा तिनं त्यांच्यापाशीच मन मोकळं केलं. "दादा, साहेबांना पटलं तर ही रीत बाकीच्या शाळांत पण जाईल. नाय पटलं तर परत आपली घोकंपट्टी."

"तू भिऊ नको ग. आवणीचंच गणित घाल, बाकी मी हाय ना."

साहेब आले, खुर्चीवर बसले. हर्षदानं आवणीचं गणित लिहिलं, पण आठ बायकांच्या जागी दोनच लिहिल्या. पोरं बघतील, भांडतील, त्यातच तर गंमत.

सगळे हात एकदम वर. "तीन दिवस."

"नीट बघा रे."

"तीन दिवस, बाई."

तिनं विचारलं, "कशावरून?"

एक उठला, "बायका दुप्पट." दुसरी उठली, "म्हणून दिवस निम्मे." मंग लाडकी उठली, भिंतीकडं बघत एका दमात बोलली, "पण बाई, शेत केवढं?"

साहेबांनी फळ्याकडं बघितलंच नाय. टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी पण.

साहेबांची गाडी गेल्यावर तिनं विचारलं, "दादा, हे कधी शिकवलंत?"

"तू जव्हारला मीटिंगला गेलीस ना, तेव्हा. अग, नाव तुझंच झालं."

तिनं लाडकीला जवळ घेतलं. "फळ्यावर दोनच बायका होत्या. दिसल्या नाय तुला?"

"दिसल्या."

"मंग?"

"गुरुजी बोलले, साहेबांपुढं विचार करायचा नाय."

दिवाळीला हर्षदा जामसरला गेली. भाऊबीजेला सख्ख्या भावाला ओवाळलं. गुरुजींचा फोन वाजत राहिला, तिनं उचलला नाय. भावाचा तुषार मांडीवर येऊन बसला. "आत्या, आमच्या शाळेत पण नवीन गणित आलंय. आवणीचं. मला उठून बोलायचं असतं, 'पण बाई, शेत केवढं?'"

हर्षदानं विचारलं, "मंग केवढं होतं रे शेत?"

"ते नाय सांगितलं," तुषार बोलला. "एवढं बोलून खाली बसायचं."