जिन्यातली दोन बटणं

सोलापूरला आमच्या घरी तो वायरमन एकदाच आला, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. त्याच्या महिनाभर आधी सासूबाई अंधाऱ्या जिन्यावरून पडल्या होत्या. मग एकाकडून जिन्याच्या वर आणि खाली अशी दोन बटणं बसवून घेतली, पण वरचं बंद असलं की खालच्यानं दिवा लागत नसे. सासूबाईंनी गच्चीवर जाणंच सोडलं.

हा सायकलवरून आला, चपला उंबऱ्याबाहेर नीट लावल्या आणि वरचं बटण उघडून पाहिलं.

"साधी बटणं बसवल्यात. दोन्हीकडं टू-वे पायजेत की," एवढंच म्हणाला.

नवी बटणं बसवण्याआधी तो डोळे मिटून, भिंतीवर हात फिरवत सबंध जिना चढला. मी नवी सून. मला हसूच आलं.

"वैनी, अंधारात डोळ्याचा काय उपेग? हात कुटं जातोय ते बघायचं."

मग त्यानं सासूबाईंना पहिल्या पायरीशी उभं केलं. "आई, भिंतीला हात लावा."

हात टेकला तिथं त्यानं पेन्सिलीनं खूण केली आणि बटण तिथंच बसवलं. वरही तसंच केलं.

काम झाल्यावरही तो निघाला नाही. सासूबाई वर जाऊन, दिवा घालवून, पुन्हा लावून खाली येईपर्यंत जिन्याशी उभा राहिला. तोवर गार झालेला चहा तसाच प्यायला आणि गेला.

त्या संध्याकाळी सासूबाई एकट्याच गच्चीवरून वाळवण घेऊन आल्या. महिनाभर आम्ही घरातले त्यांना "जपून चढा" एवढंच सांगत होतो.