सेफ्टी पिनांची डबी

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, आणि सांगायचं राहिलं — राहिलं की मी ठेवलं?

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, पत्रावर तारीख. गुलमंडीजवळच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते, तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात सेफ्टी पिनांची डबी असायची. कुणाची ओढणी घसरली की एक पिन. त्या डबीचा मला अभिमान होता.

नववीतली सुनंदा दौलताबादहून एसटीनं यायची. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं.

“बाई, विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत एकटीला थांबवतात. अंगाला हात लावतात. मला लई भीती वाटती.”

मी काय केलं? सरांना बोलावलं? नाही. मी तिच्या ओढणीकडे पाहिलं — आणि तिच्या हातावर पिन ठेवली.

“लावलेलीच होती की, बाई.”

मला ते ऐकू आलं होतं. माझा विश्वासही बसला होता — खरी गोष्ट ही आहे. पण सरांच्या विषयाचा निकाल उत्तम लागायचा, आणि मला शाळेचं नाव जपायचं होतं. शाळेचं, की माझं? दुसऱ्या दिवशी मी सूचना लावली : मुलींनी दोन्ही खांद्यांना पिन लावावी. सरांसाठी एक ओळही नव्हती. दिवाळीनंतर सुनंदानं शाळा सोडली. सर राहिले.

गेल्या वर्षी ती दारात उभी राहिली. आता स्वतः शिक्षिका आहे. त्याच सरांच्या शिकवणीतल्या एका मुलीनं पोलिसांत तक्रार केली होती.

“मी जबाब द्यायला चालले. येता का, बाई? की अजून पिनाच वाटता?”

मी गेले. तिथल्या तरुण पोलीसबाईंनी मुलींच्या कपड्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दार कोण लावायचं? किल्ली कुणाकडे असायची? — इतके साधे प्रश्न. मला तेव्हा एकही सुचला नाही.

सर सध्या हर्सूलच्या जेलमध्ये आहेत. ती मुलगी रोज शाळेत जाते.

माझ्या जबाबात दोनच वाक्यं माझ्याविषयी आहेत : ‘सुनंदानं मला सांगितलं होतं. मी तिला पिन दिली.’ खाली तारीख घातली, आणि पूर्ण नावानं सही केली.