शेफालीसाठी चालू ठेवलेला डबा

विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी दहाबारा घरांची एक वाडी आहे. तिथं रोज संध्याकाळी सोजराबाईच्या घरातून कार्टूनचा आवाज यायचा. घरात ना पोर ना बाळ. साठी उलटलेली एकटी बाई, गोठ्यात एक म्हैस आणि चार शेळ्या. टीव्हीत ससे-मांजरं एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालायची आणि सोजराबाई त्यांच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसायची. लोक हसायचे. लोकांना काय, दुसऱ्याच्या घरची गंमत फुकटातच मिळते.

टीव्हीमागचा कार्टूनचा काळा डबा तिच्या लेकानं, इंद्रजितनं, बसवला. इंद्रजित पुण्यात कंपनीत कामाला; बायको सुलक्षणा आणि लेक शेफाली तिथंच. दोन वर्षांपूर्वी शेफाली सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. "हितं तिला करमत न्हाई, आत्या. टीव्ही बी धड न्हाई," असं सुलक्षणा सासूला म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. मग इंद्रजितनं एका रविवारी येऊन डबा जोडला, छपरावर नेटचा अँटेना लावला. "एकदाच खर्च, आई. मग काय बी बघ," म्हणाला आणि संध्याकाळच्या आत परत फिरला.

एकदाच खर्च म्हणे! पहिला महिना फुकट गेला आणि दुसऱ्याला नेट बंद. विंझरातला मोबाईल दुकानदार सोमनाथ म्हणाला, "मावशी, दर म्हयन्याला रिचार्ज मारावा लागतो. आन् कार्टून पायजे आसंल तर मोठा मारावा लागतो." मोठा मारला. मग वानरांनी छपरावरची वायर ओढून तोडली, नवी वायर आली. लाईट गेली-आली करता करता डब्याचा चार्जर जळाला. नवा चार्जर घेतला, तो जळू नये म्हणून स्टॅबिलायझर घेतला. मध्येच मोठ्या रिचार्जचा भाव वाढला. म्हशीलाही एवढा खुराक लागत नव्हता, आणि म्हैस निदान दूध तरी देते.

"आगं, नात यील तेवढ्यापुरता भर की. बाकीचा येळ ऱ्हाऊ दे बंद," शेजारची साळूबाई म्हणायची. शहाणपणाचंच बोलत होती. पण सोजराबाईचा जन्म गुरांत गेलेला. म्हैस चार दिवस पिळली नाही की आटते, मग कितीही आंबोण घाला, पान्हा सोडत नाही. डब्याचंही तसंच असणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं. म्हणून धार काढून झाली की रोज तासभर डबा लावायचा आणि रिचार्ज कधी चुकू द्यायचा नाही.

"बंद पडला आन् नेमकी पोर आली तर?" ती साळूबाईला म्हणाली. "परत आजीच्या दारात पाय ठेवनार न्हाई ती."

बस्स, एवढ्याच भीतीपायी सगळं चाललं होतं. तूप विकून भागेना तेव्हा तिनं गुडघ्यासाठी नसरापूरच्या डॉक्टरकडं जाणं सोडलं. गुडघा काय, दुखतोच, असं स्वतःलाच समजावलं.

शेफाली काही आली नाही. दिवाळीला आईच्या माहेरी गेली, मे महिन्यात कसला तरी क्लास निघाला. इंद्रजितचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग सणासुदीला, मग तोही नाही. सोजराबाईनं केला तर, "आई, कामात हाय, मागनं करतो." ते मागनं कधी यायचंच नाही. आई काय, कुठं पळून जाते!

श्रावणात गुडघा टम्म सुजला. उतार उतरून विंझर गाठणं होईना आणि रिचार्जची तारीख उलटून गेली. संध्याकाळी डबा लावला तर पडद्यावर नुसतं चाक गरगरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आटला एकदाचा, म्हणून ती कपाळाला हात लावून बसली, तोच मोबाईल वाजला. इंद्रजित होता.

"आई, रिचार्ज मारला न्हाईस व्हय?"

"तुला कसं कळलं रं?"

"आगं, तुझ्या मोठ्या रिचार्जात कार्टूनचं खातं मिळतं, त्येच्यावरच आमी हितं बघतो. जोडून घेतलंय म्या कवाच. कार्टून बंद पडलंय, तर शेफाली जेवना. कवा मारतीस?"

डबा मेलेला नाही, एवढंच कळून आधी तिला हायसं वाटलं. बाकीचं सावकाश उमगलं. ज्या पोरीनं इथं यावं म्हणून ती दोन वर्षं जीव काढत होती, त्या पोरीला तिच्याच पैशांवर पुण्यात बसून करमत होतं. मग ती येईल कशाला?

"गुडगा सुजलाय, बाबा. विंझरात जाता यीना."

"बरं, जप. कुणाच्या तरी हाती पैसं धाड उद्याच." आणि मग, कधी नव्हे ते, "घे, शेफाली बोलतीय."

"आजी, लवकर चालू कर ना!"

केवढा मोठा झाला होता पोरीचा आवाज! सोजराबाईनं शाळा विचारली, जेवण विचारलं, दात पडले का विचारलं. पोर प्रत्येकाचं उत्तर देत राहिली. अडलेलं काम होतं ना तिचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाईच्या हाती पैसे गेले आणि डबा सुरू झाला. फोन मात्र पुन्हा आला नाही. महिनाभर सोजराबाईनं वाट पाहिली.

पुढच्या महिन्यात गुडघ्याची सूज जरा उतरल्यावर ती मीठ-मिरची आणायला विंझरला गेली. सोमनाथनं दुकानातूनच हाक मारली, "मावशी, तारीख झाली. मारू का रिचार्ज?"

"ऱ्हाऊ दे," सोजराबाई म्हणाली. "चार दिसांनी बगू."

घरी येऊन तिनं धार काढली, आणि मोबाईल मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली.