पर्वतमलैची साखळी

लग्न होऊन साताऱ्याहून कुंभकोणमला आले तेव्हा मला सगळ्यात जास्त खुपली ती इथली सपाटी. गच्चीवर गेलं की चारी बाजूंना गोपुरं, नारळ, केळीच्या बागा, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. मी कुरकुर केली तेव्हा यजमान म्हणाले, "स्वामीमलै आहे की जवळ." मलै म्हणजे डोंगर, एवढं तमिळ मला येत होतं. मी पायात बूट घालून गेले. साठ पायऱ्या निघाल्या. वर पोचेपर्यंत मला घामही आला नव्हता.

यजमानांचं घराणं मराठीच, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेलं. ते 'मला' ऐवजी 'मज' म्हणायचे आणि मधेच तमिळ शब्द पेरायचे. माझ्या माहेरच्यांना त्याचं मोठं हसू यायचं. यजमान तिरुभुवनमच्या एका रेशमी साड्यांच्या सोसायटीत काम करतात, मी शाळेत गणित शिकवते. मे महिन्यात माझी सुट्टी लागली की तेही रजा टाकायचे, आणि मग कुठे जायचं यावरून आमची जुंपायची.

मला डोंगर हवा. कोडैकानलची डॉल्फिन नोजची उतरण, कोळुक्कुमलैच्या चहामळ्यांतली पहाट, येलगिरीचं शिखर, ही माझी सुट्टी. त्यांची सुट्टी म्हणजे एखाद्या जुन्या देवळाच्या गावात लॉज घ्यायचं, पितळी वाटी-पेल्यातली कॉफी दोनदा प्यायची आणि देवळात एकेका खांबासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं. मी चिडून म्हणायची, "हे तर घरबसल्या होतं. आपल्या शेजारचं पट्टीश्वरम्चं देऊळ काय वाईट आहे?"

शेवटी मीच जिंकायची. पण वाट सुरू झाली की आमच्या मुलीचं पोट दुखायला लागायचं. दरवेळी. मग ते तिला घेऊन खालीच बसायचे आणि मी एकटी वर. मी पर्समध्ये ओवा ठेवायला लागले. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. काहीच निघालं नाही.

दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, आता कोडं सुटलं. तिरुवण्णामलैच्या पुढे पर्वतमलै म्हणून डोंगर आहे. माथ्यावर शंकराचं देऊळ. डोंगर मला, देऊळ यांना. फक्त शेवटच्या टप्प्यात कड्यात ठोकलेल्या लोखंडी पहारी आणि साखळ्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं तर पुन्हा टाळाटाळ. तिथे पोचले की भक्तीच्या जोरावर चढतील.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. पायथ्याशी तिने पोटाला हात लावला. मी म्हटलं, "आज नाही हं. आज अप्पांना देवदर्शन करायचंय." तिने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सरी, बरं, चला."

पायऱ्या संपल्या, दगडांची वाट संपली, ऊन तापलं. पहारींपाशी आलो तेव्हा यजमानांनी उपरणं कमरेला बांधलं. मी पुढे, मधे ते, मागे मुलगी. मी सरसर चढून वरच्या कातळावर गेले आणि वळून पाहिलं.

ते पाच-सहा पहारी चढून थांबले होते. दोन्ही हातांनी साखळी धरली होती आणि गाल कातळाला लावला होता. डोळे मिटलेले. मला वाटलं, दम खातायत. मी हाक मारली, "अहो, थोडंच राहिलं!"

मग मला त्यांचे पाय दिसले. लटलटत होते. त्या हादऱ्याने साखळी कातळावर वाजत होती, ती मला वरपर्यंत ऐकू येत होती.

खाली लोक खोळंबले. कोणी "हरहर" ओरडून धीर देत होतं. मी घाईने दोन पहारी उतरले आणि हात पुढे केला. "माझा हात धरा. मी आहे ना."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नको. तू हसशील."

माझा हात तसाच राहिला. सोळा वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. रागाने म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते विनवत होते.

वर ताक विकायला जाणारी एक बाई खाली थांबली होती. अनवाणी, साठीच्या आसपासची. तिने डोक्यावरचा डबा खालीच थांबलेल्या मुलीच्या हातात दिला, चार पहारी चढून त्यांच्या पायांपाशी आली आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं तमिळमध्ये म्हणाली, "तंबी, खाली बघू नकोस. उजवा पाय सोड. मी धरते." त्यांचा तळवा आपल्या हातात घेऊन तिने खालच्या पहारीवर ठेवला. मग डावा. मग पुन्हा उजवा. माझ्या नवऱ्याचा पाय एक परकी बाई हातात घेऊन टेकवत होती आणि मी वरून बघत होते. मला पुढे जायची परवानगी नव्हती.

खाली टेकल्यावर ते सावलीत बसले. मी मागोमाग उतरले. बाईने त्यांना ताक पाजलं आणि डबा उचलून ती वर निघून गेली. तिचे आभार मानायचंही मला सुचलं नाही.

मग मी विचारलं, "हसशील म्हणजे? मी कधी हसले?"

"वासोट्याला," ते म्हणाले. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. बाबूकड्यावर मी तुज सांगितलं, मज उंचावर भय वाटतं, पायातला जीव जातो. तू हसलीस. मग खाली येऊन तुझ्या माहेरच्या सगळ्यांना माझी नक्कल करून दाखवलीस. माझ्या बोलण्याचीसुद्धा."

मी वासोटा आठवून पाहिला. नावेतून गेलो ते आठवलं, भाकरी-ठेचा आठवला, ऊन आठवलं. हे आठवेना. काही केल्या आठवेना. "पुन्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"एकदा सांगितलं की," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अम्मा, माझं पोट कधीच दुखत नव्हतं."

मी यजमानांकडे वळून पाहिलं.

"अप्पांनी काही सांगितलं नव्हतं," ती घाईने म्हणाली. "कोडैला मी त्यांचा हात धरला होता. तो एकदम गार पडला. मग मी म्हटलं पोट दुखतंय. मग नेहमीच म्हणायला लागले."

कोडैला गेलो तेव्हा ती सहा वर्षांची होती.

यजमानांनाही हे नवीन होतं. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि मग तोंडावर उपरणं घेऊन रडले. मला रडूही आलं नाही. गणिताचं फळाभर सोडवलेलं उदाहरण पहिल्याच ओळीत चुकलंय हे मुलांसमोर कळावं, तशी मी बसले होते.

घरी आल्यावर साताऱ्याच्या मामेबहिणीला फोन केला. मनात अजून आशा होती की यांचाच काही गैरसमज असेल. ती म्हणाली, "अगं हो! 'मज भय वाटतं!' काय हसलो होतो आम्ही. तू अगदी हुबेहूब करायचीस." करायचीस म्हणाली. म्हणजे एकदाच नव्हे.

मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "पोदुम्, पुरे, झालं ते." पण लगेच झालं नाही. कित्येक दिवस ते काही सांगायला लागले की मधेच थांबून माझा चेहरा बघायचे, आणि मी तो सरळ ठेवायची धडपड करायची.

पुढच्या मे महिन्यात मुलीला प्रथमच विचारलं, तुला कुठे जायचंय. ती म्हणाली, समुद्र. आम्ही तरंगंबाडीला गेलो. दोन दिवस ती पाण्यातून बाहेर आली नाही.

डोंगर मी सोडलेले नाहीत. शाळेतल्या दोघी सहकारी आता माझ्याबरोबर येतात. मी परत आले की यजमान कॉफी घेऊन समोर बसतात आणि वाट कशी होती, झाडं कुठली होती, सगळं विचारतात. त्यांना खरंच ऐकायचं असतं, हेही मला उशिराच कळलं. मी रंगात येऊन सांगत जाते. मग ते हात वर करतात. "आता कडा येणार. तो नको."

मी तिथे थांबते.