कडू घासाचा फोटो

आज लय राग आलाय, म्हणून लिहायलेय.

गंगाखेडच्या आमच्या गल्लीतले सोपानराव सकाळी वारले. गल्लीच्या ग्रुपवर दिवसभर नुसती श्रद्धांजलीची रांग. हात जोडलेले, फुलं, रडके चेहरे.

दुपारी माती झाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. त्यालाच आपण कडू घास म्हणतो. संध्याकाळी समोरच्या सूनबाईला विचारलं, "तुमच्यातून भाकरी गेल्या का गं?"

"न्हाई काकू. पण मी ग्रुपवर लगेच श्रद्धांजली टाकली होती की!"

कुणाच्याच घरून काही गेलं नव्हतं. दुखरे गुडघे घेऊन मीच भाकरी थापल्या. जड डबा घेऊन निघाले, तर सूनबाई दारातून म्हणाली, "काकू, जरा थांबा."

मला वाटलं, डबा धरायला आली. तिनं मोबाईल काढून फोटो घेतला.

सोपानरावांची बायको कमलबाई सकाळपासून उपाशी होती. घास हातात धरून म्हणाली, "मला वाटलं, आता कुणी येत न्हाई."

घरी येऊन बघते तर ग्रुपवर माझाच फोटो. वर लिहिलंय, "माणुसकी अजून जिवंत आहे." खाली सगळ्यांचे बदाम.

मी तिथंच विचारलं, "उद्या सकाळी कमलबाईकडं चहा कोण नेणार?"

सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसायल्यात. उत्तर एकाचंही नाही.

तुमच्या गल्लीत तरी कुणी बोललं असतं का?