खालचे ठिपके

"हे खालचे ठिपके पहले काढ ना यार. घाण दिसतंय."

आमच्या ऑफिसचे सर हॉलभर माणसांसमोर बोलले. ते पडद्यापाशी उभे, मी लॅपटॉपवर. खालचे ठिपके म्हणजे आमची वस्ती. त्यातला एक माझा आजा.

काम असं होतं. अंबरनाथ पूर्वेला आमचं गाव. निम्मं गाव इमारतींखाली गेलं, तेव्हा गावकीला जाग आली. जुन्या गावाची माहिती नव्या हॉलमधल्या पडद्यावर ठेवायची. नाव टाका, माणसाचा ठिपका येतो. त्यावर बोट ठेवा, रेघा निघतात. कोण कुणाचा, जमीन कुठली, जत्रेत मान कुठला. कागद चाळायला नकोत, बघत बघत सगळं गाव फिरता येतं. उल्हासनगरच्या आमच्या ऑफिसला हे काम मिळालं. मी त्याच गावची, म्हणून माझ्याकडे दिलं.

रेघा तीनच. नातं, जमीन, मान. गावकीने ठरवलेल्या. वस्तीची त्यांनी नुसती नावं दिली, तीही गोंद्या, सख्या, बाळ्या अशी. वस्तीतली नाती मी घरी विचारून जोडली. पण जमीन नाही, मान नाही. सगळी वस्ती गावापासून तुटून खाली पडलेली.

गावकीचे काका पुढच्या रांगेत होते. ते हसले.

"ती मानसा गावाच्या भायेरच व्हती. राहू दे भायेर."

हॉल हसला. शाळेत माझ्या वर्गात असलेली गावातली पोरंसुद्धा हसली. माझे कान तापले. बोट डिलीटच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की आजा गेला असता.

आजा गावाचे निरोप न्यायचा. कुणी मेलं की त्याला हाक यायची. फोन नव्हते. चिखलोली, बेलवली, जिथे जिथे गावाच्या लेकी दिलेल्या तिथे तो चालत जायचा. अंगणाबाहेर उभा राहून ओरडून सांगायचा. आत रडणं सुरू झालं की परत फिरायचा. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. हे बाबा सांगायचे, आणि सांगताना त्यांना राग यायचा नाही. मला यायचा. पडद्यावर गावातून बाहेर, लेकींच्या सासरी जाणाऱ्या ज्या रेघा सगळे कौतुकाने बघत होते, त्या वाटा माझा आजा चालला होता.

मी उठले.

"काका, तुमची आत्या बेलवलीला दिलेली. तुमचे आजोबा गेले तेव्हा तिला कुणी कळवलं?"

काकांनी शेजारच्याकडे पाहिलं. "व्हता ना तो. गोंद्या."

"गोविंद. माझा आजा."

"मॅडम, बैठो ना. डेमो चालू आहे," सर म्हणाले.

बसले. बसून चौथी रेघ तयार केली. तिला नाव दिलं, 'मरणाचा निरोप नेला'. आजापासून काकांच्या आत्यापर्यंत ओढली. मग पुढच्या घरापर्यंत. मग त्याच्या पुढच्या. बाबांकडून ऐकलेलं एकेक घर. ज्याला रेघा जास्त तो ठिपका मोठा होतो आणि मधे येतो, ते सॉफ्टवेअरच तसं आहे. आजा खालून सरकू लागला. मानकऱ्यांच्या घरांमधून वर आला, मधोमध थांबला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "ती लाइन काढ. नाहीतर कल से मत आना."

"नाही काढणार."

दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. सरांनी ती रेघ काढली असेल. काढू देत. बाबा आहेत, वस्तीतली म्हातारी माणसं आहेत. विहीर कुणी खणली, मेलेलं ढोर कुणी ओढलं, देवळाचे दगड कुणी वाहिले, या सगळ्या रेघा ओढायच्या राहिल्यात. मी बसलेय ओढायला, माझ्या लॅपटॉपवर सगळं गाव पुन्हा मांडून. माझा पडदा मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवणार. गावकीची परवानगी मागणार नाही. या गावात ज्याला काही शोधायचं असेल, त्याला आमच्या वस्तीतूनच जावं लागेल.